सेतुतीरावरील शैवाल

काशीयात्रा रामेश्वरावांचून पुरी होत नाहीं, हा आपल्याकडील जुना समज. सेतूची वाळू प्रयागास न्यावी, गंगोदक रामेश्वरास आणून वहावें, तेव्हां कोठें यात्रेची सांगता होते. या परंपरेस अनुसरून आम्हीं गेल्या माघांत सहकुटुंब रामेश्वराचें दर्शन घेतलें. मंदिराचे विस्तीर्ण प्राकार, अग्नितीर्थांतील समुद्रस्नान आणि त्यामागून बावीस कुंडांचें स्नान यांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. त्याची पुनरुक्ति करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस जी वस्तु वाचकांपुढें, विशेषतः घरांतील लेकीसुनांपुढें ठेवावयाची आहे, ती देवळाबाहेर, पांबनच्या किनाऱ्यावर उन्हांत वाळत पडली होती. ती म्हणजे समुद्रांतील शेवाळ.

हल्लीं न्हाणीघराच्या फळीवरील किती तरी बाटल्यांवर ‘समुद्रशैवालाचा अर्क’ हे शब्द छापलेले असतात. तोंडास लावावयाचें मलम असो, केंस धुण्याचा शांपू असो, कीं चेहऱ्यावर थापावयाचा लेप असो, शेवाळाचें नांव त्यावर मोठ्या अक्षरांत झळकतें. आपल्या पूर्वजांस हें पाहून नवल वाटलें असतें. अमरकोशांत जलनीली, शैवाल, शैवल अशीं याचीं नांवें आहेत. शाकुंतलांत कालिदासानें वल्कलधारिणी शकुंतलेस शैवलानें वेढलेल्या कमळाचा दृष्टांत दिला आहे. तेथें शोभा कमळाची. शैवल बिचारें तिला झांकूं पाहणारें. आज तेंच शैवल शोभेचें साधन होऊन बसलें आहे. त्यांत खरें किती आणि बोलबाला किती, हें तपासून पाहण्यासारखें आहे.

मंडपम् हें मुख्य भूमीवरील शेवटचें ठाणें. तेथून खाडी ओलांडली कीं पांबन, आणि पुढें रामेश्वर. १९१४ सालचा प्रसिद्ध आगगाडीचा पूल आतां सेवानिवृत्त झाला असून, त्याच्या शेजारीं बांधलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजीं खुला झाला. पुलाच्या उत्तरेस पाल्कची सामुद्रधुनी आणि दक्षिणेस मन्नारचें आखात. या आखातांत तुतिकोरिनपर्यंत लहानलहान अशीं २१ बेटें पसरलेलीं आहेत. त्यांच्याभोंवतीं प्रवाळांचे खडक आहेत व त्या खडकांच्या आसऱ्यानें शेवाळ वाढतें.

आम्ही किनाऱ्यावर गेलों तेव्हां दुपार कलत होती व होड्या परतत होत्या. त्यांतून उतरल्या त्या बहुतेक बायका. साडीवर पुरुषी सदरा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, डोक्यावर ओल्या शेवाळाचें जाळें. श्वासाचें कसलेंही यंत्र न घेतां, दम कोंडून त्या बुडी मारतात, खडकावरील शेवाळ हातानें खुडतात, वर येऊन श्वास घेतात आणि पुनः बुडतात. असें तासन् तास चालतें. खडकाच्या धारेनें बोटें कापतात, खाऱ्या पाण्यानें डोळे लाल होतात. आमच्या यजमानांचा मुलगा दुभाष्याचें काम करीत होता. त्यानें सांगितलें कीं तामिळ भाषेंत शेवाळास पासी म्हणतात व त्याच्या प्रत्येक जातीस निराळें नांव आहे. एकीस म्हणतात मरिक्कोळुंदु, म्हणजे आपला दवणा. तिचा आकार त्या रोपासारखा नाजूक. दुसरी कंजी पासी. तिची पेज करीत असत, म्हणून तें नांव.

या दवणापासीपासून अगर निघतें. हा शब्द मलायी आहे. आपल्या अगरुचंदनाशीं त्याचें नातें नाहीं. वाण्याकडे चायना ग्रास म्हणून जो पांढरा पदार्थ मिळतो व ज्याचा खरवसासारखा थिजलेला गोड पदार्थ मुलें आवडीनें खातात, तोच हा. तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट निघतें. तें प्रथम १८८१ च्या सुमारास स्टॅनफर्ड या इंग्रज रसायनज्ञानें वेगळें केलें. आणि बांबूच्या तराफ्यांवर दोऱ्यांना बांधून सुमारें ४५ दिवसांत जें तांबडें शेवाळ वाढवितात, त्या कॅपाफायकसपासून कॅराजीनन मिळतें.

या तिन्ही द्रव्यांचा गुण एकच : तीं पाणी धरून ठेवतात. ओहोटीच्या वेळीं उघडें पडलेलें शेवाळ उन्हांत एकदम सुकून जात नाहीं, याचें एक कारण त्याच्या अंगांतील हा बुळबुळीत रस. हाच गुण मनुष्यानें आपल्या कामीं लाविला. दंतमंजनाच्या पेस्टमधलें पाणी निराळें होऊं नये, मलम दाट व एकजीव रहावें, शांपू हातावरून पाण्यासारखा ओघळूं नये, यासाठीं हीं द्रव्यें घालतात. अल्जिनेटांत चुन्याचें क्षार मिसळले कीं तें रबरासारखें आळतें; चेहऱ्यावरील लेप अखंड सालीसारखा सोलून निघतो तो यामुळें. त्वचेवर या रसाचा पातळ थर बसला म्हणजे आंतील ओलावा लवकर उडत नाहीं, म्हणून ती कांहीं काळ मऊ लागते.

इतकें खरें. परंतु या रसाचे कण इतके मोठे असतात कीं ते त्वचेंत खोल शिरत नाहींत. डोक्याबाहेर आलेला केंस निर्जीव असतो. त्याचें ‘पोषण’ करतां येत नाहीं, फार तर त्यावर गुळगुळीत लेप देतां येतो, आणि शांपूंतील बराचसा अर्क तर पाण्याबरोबर मोरींतच जातो. जपानांत एदो काळीं स्त्रिया फुनोरी नांवाच्या शेवाळाचा चिकट काढा व पीठ मिसळून केंस धूत असत. आपल्याकडे शिकेकाई-रिठा, तसें त्यांचें तें. त्या शेवाळानें मळ निघावा एवढीच अपेक्षा करीत. तारुण्य मागत नसत.

आमच्या सुनेजवळ अशाच एका मलमाची नळी होती. तिच्यावर शेवाळाचें चित्र होतें, म्हणून कौतुकानें तिनें ती एका वयस्क बाईस दाखविली. बाईनें किंमत विचारली. ती ऐकून क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, “यांत पासी किती आहे?” आम्हीं चष्मा लावून मागील बारीक अक्षरें वाचलीं. घटकांची लांबलचक यादी होती. शेवाळाचें नांव अगदीं शेवटाशेवटास होतें आणि प्रमाण कोठेंच नव्हतें.

या प्रश्नामागें पोटाचा प्रश्न आहे. १९८६ सालीं हीं २१ बेटें राष्ट्रीय सागरी उद्यानांत आलीं, आणि ज्या खडकांवर यांच्या आज्यापणज्या जात तेथें जाणें गुन्हा ठरलें. प्रवाळ राखले पाहिजेत, याविषयीं दुमत नाहीं. पण त्या बायकांनीं आपण होऊन नियम घालून घेतले आहेत : महिन्यांतून ठराविक दिवसच जावयाचें, लोखंडी खरवडणी वापरावयाची नाहीं. त्यांची पुढारी, चिन्नपालम् गांवची लक्ष्मी मूर्ति, हिला २०१५ सालीं अमेरिकेंत सीकॉलॉजी संस्थेचें पारितोषिक मिळालें. तराफ्यावरील शेतीनें पुष्कळांस रोजगार दिला, हें खरें. तथापि तें कॅपाफायकस मूळचें परदेशी, आणि कुरुसडै बेटानजीक तें प्रवाळांवर पसरल्याचें शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं नोंदविलें. जें बेट बायकांपासून राखावयाचें, त्यावर धंद्यासाठीं आणलेलें शेवाळ चढलें, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

इतिहासांतही असा एक धडा आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शेवाळ जाळून त्याची राख साबण व कांच करण्यासाठीं विकीत असत. मेहनत कुळांची, नफा जमीनदारांचा. १८१५ मध्यें नेपोलियनशीं युद्ध संपल्यावर परदेशी राख स्वस्त झाली, भाव कोसळले, आणि पुढें त्याच कुळांपैकीं अनेकांना घरेंदारें सोडून देशांतर करावें लागलें. साबण मात्र जगाला मिळतच राहिला.

ज्यांस अशीं मलमें रुचतात त्यांनीं तीं अवश्य वापरावीं. मऊपणा देण्यापुरता शेवाळाचा गुण सच्चा आहे. फक्त घेण्यापूर्वीं डबी उलटी करावी व यादींत शेवाळ कितवें आहे तें पहावें. आणि जेथें रामाच्या सेनेनें पाषाण वाहिले असें आपण श्रद्धेनें सांगतों, तेथें आजही कोणी दम कोंडून बुड्या मारीत आहे, याची आठवण ठेवावी. तीर्थाचें पुण्य तीर्थावर राबणाऱ्यांकडे डोळेझांक करून लाभत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.