मालवणचा समुद्र आणि घरची मत्स्यपेटी

संस्कृत शिकवितांना ‘मात्स्यन्याय’ हा शब्द मीं विद्यार्थ्यांना कितीदां समजावून सांगितला असेल, याची गणती नाहीं. मोठा मासा लहानास गिळतो. राजदंड नसेल तर प्रजेचीही तीच गत होते, असें कौटिल्याचें तात्पर्य. परंतु ज्या माशांवरून हा न्याय निघाला, त्यांजकडे पासष्टी उलटेपर्यंत मीं कधीं निरखून पाहिलें नव्हतें. तो योग गेल्या हिंवाळ्यांत मालवणास आला, आणि त्यास कारण झाला माझाच एक प्रमाद.

आमच्या कोल्हापूरच्या घरीं धाकट्या नातवानें खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी मांडली आहे. पेटी लहान, शंभर लिटर पाणी मावेल एवढी. तिच्यासाठीं पोरानें दीड महिना धीर धरला. माशांच्या मळापासून होणारा अमोनिया विषारी असतो. त्याचें प्रथम नायट्राइट व मग सौम्य असें नायट्रेट करणाऱ्या सूक्ष्म जंतूंची वसती पेटींत जमेपर्यंत मासा सोडावयाचा नाहीं, हें त्यानें वाचून ठेविलें होतें. नंतर त्यानें नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाऊनफिशची जोडी आणि पाठीवर उंच तुरा मिरविणारा, बोटाहून बारीक असा एक फायरफिश आणला. तिघेही गुण्यागोविंदानें नांदत होते.

मला मात्र एवढ्या पाण्यांत तीनच मासे फार उजाड दिसत. नातवाच्या वाढदिवशीं, त्यास न विचारतां, मीं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा एक डॅमसेल मासा विकत आणला व कौतुकानें पेटींत सोडला. आकारानें तो जेमतेम अंगठ्याएवढा. चार दिवसांत त्यानें निम्मी पेटी आपल्या सत्तेखालीं घेतली. पांचव्या दिवशीं सकाळीं सूनबाईंना केर काढतांना फायरफिश जमिनीवर वाळून पडलेला सांपडला. पाठलाग असह्य होऊन त्यानें झांकणाच्या फटींतून उडी घेतली होती. नातू मला एका शब्दानेंही बोलला नाहीं. त्याचें तें न बोलणेंच मला लागलें. त्याचें मन कशांत तरी रमावें म्हणून मीं म्हटलें, “चल, मालवणास जाऊं. मासे आपल्या घरीं कसे राहतात तें तरी पाहूं.”

फोंडा घाट उतरून कणकवलीवरून आम्ही मालवणास पोहोंचलों. समोर कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं पाया घातलेला सिंधुदुर्ग उभा आहे. चहूंबाजूंस खारा समुद्र असतां आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडें पाणी आहे, याचें नवल प्रत्येक प्रवाशास वाटतें. परंतु तटाबाहेर, पाण्याखालीं, दुसरीही एक वस्ती आहे. या भागांतील खडकांवर प्रवाळ वाढतें. म्हणूनच १९८७ सालीं येथील सुमारें २९ चौरस किलोमीटर प्रदेश सागरी अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यांत आला. पावसाळ्यांत नद्यांचा गाळ व गोडें पाणी मिसळून समुद्र गढूळ होतो. हिंवाळ्यांत तो निवळतो.

ओहोटीच्या सुमारास होडीवाल्यानें आम्हांस खडकांपाशीं नेलें. नातू कांचेचा मुखवटा चढवून पाण्यांत उतरला. मीही होडीची कड घट्ट धरून, या वयांत, कंबरेएवढ्या पाण्यांत उभा राहिलों आणि तोंड पाण्यांत घातलें! कोठें मेंदूच्या वळ्यांसारखीं, कोठें पानासारखीं पसरलेलीं प्रवाळें दिसत होतीं. एका खडकावर जांभळट अंड्यांचा पट्टा होता, आणि अंगावर काळे पट्टे असलेला एक मासा त्यावर पहारा करीत होता. जवळ येईल त्याच्यावर तो धांवून जाई. एक फुलपांखरी मासा चुकून तिकडे आला. पहारेकऱ्यानें त्यास हुसकलें. तो दहा हात दूर दुसऱ्या कपारीआड गेला आणि निवांतपणें चरूं लागला. भांडण तेथेंच मिटलें.

नातू वर आला आणि किती दिवसांनीं आपण होऊन माझ्याशीं बोलला. “आजोबा, तुमचा डॅमसेल याच्याच कुळांतला. तो दुष्ट नव्हता. आपल्या पेटींत फायरफिशला दहा हात पळायला जागा नव्हती.”

त्या रात्रीं उतरल्या ठिकाणीं त्यानें मला सगळें शास्त्र सांगितलें. मी विद्यार्थी होऊन ऐकत होतों. क्लाऊनफिशही त्याच कुळांतला, परंतु स्वभावानें पुष्कळ सौम्य. हे मासे जन्मतः सारे नरच असतात. जोडींतला जो वरचढ ठरतो तो मादी होतो. म्हणून एक लहान व एक मोठें असें पिलूं घ्यावें. फुलपांखरी मासा देखणा खरा, पण त्याच्या अनेक जाती प्रवाळच खातात. गोबऱ्याचें पिलूं लहान पेटींत आणूं नये. तें वाढतें आणि मग खराखुरा मात्स्यन्याय सुरू होतो. सारख्या आकाराचे व एकाच थरांत वावरणारे मासे भांडतात. यास्तव एक तळाचा, एक कपारींतला, एक मधल्या पाण्यांतला असे निवडावेत. सौम्य मासा आधीं सोडावा, तापट सर्वांच्या शेवटीं. आधीं आलेला सारी जागा आपली समजतो. आणि झांकणाला फट ठेवूं नये. हें शेवटचें सांगतांना तो क्षणभर थांबला.

शक्यतों समुद्रांतून धरलेला मासा न घेतां पैदास केलेला घ्यावा, असेंही तो म्हणाला. क्लाऊनफिशची पैदास करण्याची विद्या आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें साध्य केली आहे.

दुसऱ्या दिवशीं पुन्हां खडकांपाशीं गेलों असतां झाल्या गोष्टीची भरपाई म्हणून, नातवाच्या पेटीसाठीं, मीं प्रवाळाचा एक लहानसा तुकडा उचलावयास हात घातला. होडीवाला वरून ओरडला, “गुरुजीनू, हात लावू नकात! ह्यो दगड नाय, जितो जीव आसा.” वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें निषिद्ध आहे, हें नातवानें मागाहून सांगितलें, परंतु त्याआधींच त्यानें माझें मनगट हलकेंच धरलें होतें. न विचारतां प्रेमानें दिलेली वस्तु ही माझी दुसरी चूक झाली असती.

परत आल्यावर डॅमसेल दुकानदारास देऊन टाकला. महिनाभरानें नातवानें नवा फायरफिश आणला. त्यापूर्वीं पेटीवर बारीक जाळी बसविली. “आजोबा, सोडतां का तुम्ही?” असें म्हणून त्यानें पिशवी माझ्या हातीं दिली. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून, पेटींतलें पाणी थोडें थोडें तींत मिसळीत, मीं तो सावकाश सोडला. तो एका कपारींत शिरला, आणि घटकाभरानें तुरा उभारून बाहेर आला.

पेटी मला अजूनही अंमळ उजाड वाटते. पण मी तसें बोलत नाहीं.