उष्टी पत्रावळ



आम्हा कामठीकरांपैकी सगळ्यांनाच दरवर्षी पंढरी घडते असे नाही. रोजी बुडवून इतके दिवस घर सोडणे हातावर पोट असणाऱ्याला जमत नाही. पण आमच्याच नागपूर जिल्ह्यात, कळमेश्वर तालुक्यात, कोलबास्वामींचे धापेवाडा आहे. नदीचे नावही चंद्रभागाच. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पंढरीचा राणा इथे येतो ही आमची श्रद्धा, आणि त्या दिवशी तिथे यात्रा भरते. कामठीहून सकाळी निघालेला माणूस दर्शन घेऊन रात्री घरी परततो.

अनेक वर्षे मी त्या यात्रेत अन्नदानाच्या पंगतीत सेवा करतो. वाढण्यापेक्षा उष्टी काढण्याचे काम मला आवडते, असे मी चारचौघांत सांगत असे. त्या सांगण्यातच माझा अहंकार लपला होता, हे मात्र मला माझ्या मुलाने दाखवले. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

त्या वर्षी तो दहावीत दोन विषयांत नापास झाला होता. निकालापासून आमच्या घरात बोलणे उरले नव्हते. मी बोलायचो, तो ऐकायचा. खरे तर ऐकतही नसावा. “चल धापेवाड्याला, थोडी सेवा कर, म्हणजे डोक्यात उजेड पडेल,” असे म्हणून मी त्याला जवळजवळ ओढतच नेले.

पाऊस पडून गेलेला. मांडवात चिखल, बाहेर भाविकांची रांग. वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. एक पंगत उठते न उठते तोच दुसरी दाराशी उभी. मी पुढून पत्रावळी गोळा करत होतो, तो मागून टोपले घेऊन येत होता. माझे तोंड सुरूच होते. “लवकर उचल. सांडवू नको. एवढेही जमत नाही?” सोबतचे सेवेकरी ऐकत होते. तो मान खाली घालून चालत होता.

तेवढ्यात एक म्हातारी दिसली. पंगत उठली तरी ती बसलेली, पानात भात-बुंदी तशीच. मी तिच्यावरही खेकसलो, “आजी, खायचे नव्हते तर घेतले कशाला? अन्न टाकू नका!”

मागून हळूच आवाज आला. “बाबा, त्या टाकून नाही राहिल्या. बांधून नेऊन राहिल्या.”

पाहिले तर तिच्या मांडीवर पिशवी होती. थरथरत्या हाताने तिला गाठ सुटत नव्हती. मुलाने टोपले खाली ठेवले, हात धुऊन आला, गाठ सोडली, भात-बुंदी नीट भरून दिली. मग वाढप्याकडून आणखी मूठभर बुंदी मागून आणली. “घरी कोण आहे, आजी?” त्याने विचारले. “नातू हाय, बापा. तापानं पडला,” ती म्हणाली.

मी तिथेच उभा होतो. इतक्या वर्षांत मी किती पत्रावळी उचलल्या असतील. पण पत्रावळीमागचे माणूस मी क्वचितच पाहिले. माझ्या ‘नापास’ मुलाने ते पहिल्याच दिवशी पाहिले.

नाथांची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. वडील प्राकृतात पुराण सांगतात म्हणून रुसून काशीला गेलेले हरिपंडित. नाथांनी त्यांच्या अटी मान्य करून त्यांना परत आणले. पुढे सहस्रभोजनाचा नवस फेडू न शकणाऱ्या एका गरीब बाईकडे नाथ जेवले आणि त्यांनी हरिपंडितांना पत्रावळ उचलायला सांगितली. एक उचलली तर खाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, अशा हजार निघाल्या, आणि पंडिताचा ताठा गळाला. त्या दिवशी मुलाला नेताना मनात हीच कथा होती. मी स्वतःला नाथांच्या जागी आणि त्याला हरिपंडितांच्या जागी बसवले होते. मांडवात कळले, जागा उलट्या होत्या. आणि नाथांनी तर मुलाच्या अटी मान्य केल्या होत्या. मी माझ्या मुलाला कधी काही विचारलेही नव्हते.

पुढच्या पंगतीला टोपले मी घेतले. म्हटले, “तू पुढे हो. मी मागून येतो.” तो काही बोलला नाही. पण दोन-तीन पंगतींनंतर म्हणाला, “बाबा, तुमचे गुडघे दुखत असतील. बसा थोडे.” निकालानंतर माझ्याशी आपणहून बोललेले ते त्याचे पहिले वाक्य. परतीच्या गाडीत त्याने गणिताची भीती सांगितली. मी फक्त ऐकले.

पुरवणी परीक्षेत एक विषय सुटला, एक राहिला. कथा गोड करून सांगत नाही. पण दरवर्षी आम्ही दोघे जातो, आणि टोपले माझ्याच हाती असते.

माउली, यंदा सेवेला जाल तेव्हा लेकराला सोबत न्या. त्याला शिकवायला नेऊ नका. त्याच्या हाताखाली थोडा वेळ काम करा. विठुराया कोणाच्या तोंडून बोलेल, सांगता येत नाही.

राम कृष्ण हरी.