राय, शेपू आणि चार ग्लास

व्हिस्कीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. 'स्कॉच आहे का?' आणि 'किती वर्षांची?' दोन्हीची उत्तरं बाटलीवर छापलेली असतात, त्यामुळे ग्लास तोंडाला लागायच्या आधीच निकाल लागलेला असतो. अमेरिकेत येऊन राय व्हिस्कीच्या नादाला लागल्यापासून मला या दोन्ही प्रश्नांचा कंटाळा आलाय. राय ही स्कॉच नाही, आणि नुसतं वय विचारून तिच्याबद्दल फारसं काही कळत नाही.

आधी थोडी थिअरी. (ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा पॅरा स्किप मारावा.) राय म्हणजे राई नव्हे, मोहरीशी तिचा काही संबंध नाही. हे गव्हाच्या नात्यातलं धान्य, हलक्या जमिनीत आणि कडाक्याच्या थंडीत तग धरणारं. स्वभावाने आपल्या नाचणीसारखं चिवट. शिजवायला मात्र महाकटकटीचं. त्याचा लगदा पिठल्यासारखा घट्ट होतो, चिकटतो, वर फेस येतो. अमेरिकन कायद्याप्रमाणे राय व्हिस्कीच्या धान्यात किमान ५१ टक्के राय हवी आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवायला हवी. दोन वर्षं मुरली की ती 'स्ट्रेट' म्हणवून घेऊ शकते. स्कॉच बहुतेक वेळा आधी वापरलेल्या पिंपात मुरते, तीही स्कॉटलंडच्या गारठ्यात. कोरं पिंप आणि केंटकीचा उन्हाळा हे काम फार लवकर उरकतात. त्यामुळे चार वर्षांच्या रायला बारा वर्षांच्या स्कॉचपुढे कमी लेखणं म्हणजे दोन वेगळ्या आर्किटेक्चरचे प्रोसेसर नुसत्या गिगाहर्ट्झवर तोलणं.

मी राहतो पिट्सबर्गला. इथे मोनोंगाहेला आणि अलेगेनी या दोन नद्यांचा संगम होतो आणि पुढे ओहायो नदी सुरू होते. एकेकाळी 'मोनोंगाहेला राय' हे नाव देशभर चालायचं. इथल्या शेतकऱ्यांना धान्य डोंगरापलीकडच्या बाजारात न्यायला परवडत नसे, म्हणून ते त्याची व्हिस्की करून नेत. आमच्या भाषेत सांगायचं तर फाईल झिप करून पाठवायची! १७९१ मध्ये सरकारने व्हिस्कीवर कर लावला, १७९४ मध्ये याच भागात उठाव झाला आणि तो मोडायला खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टन सैन्य घेऊन निघाले. गंमत अशी की तेच वॉशिंग्टन १७९७ मध्ये माउंट व्हर्नन इथे स्वतः राय व्हिस्की गाळायला लागले. पुढे १९२० ते १९३३ ची दारूबंदी आली आणि तिने या धंद्याचं कंबरडं मोडलं. मूळ पेन्सिल्वेनियाची रिटनहाऊस राय आज केंटकीत बनते.

तर मंडळी, दर दोनेक महिन्यांनी एका शनिवारी आम्ही पाच मित्र रायची परीक्षा घेतो. खरं तर परीक्षा रायची कमी आणि आमची जास्त. ओतायचं काम वहिनींकडे, म्हणजे एका मित्राच्या बायकोकडे. त्या फूड टेक्नॉलॉजी शिकलेल्या आहेत आणि दारूला स्पर्श करत नाहीत, फक्त वास घेतात. नियम सगळे त्यांचे. ग्लासांवर फक्त नंबर. प्रत्येकात १५ मिली. आधी कमी स्ट्राँग, मग जास्त. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर अल्कोहोलच नाकात जातं. मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा. आणि सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, कारण एकजण 'व्हॅनिला' म्हणाला की बाकी चौघांना लगेच व्हॅनिला यायला लागतो.

गेल्या वेळी पहिल्या ग्लासचा वास घेऊन मी वहीत 'पुदिना' लिहिलं आणि अडकलो. अजून काहीतरी होतं, हिरवं, ओळखीचं, पण इंग्रजी शब्द सापडेना. सगळ्यांचं लिहून झाल्यावर वहिनी हसून म्हणाल्या, "अहो, शेपू!" शेपूच होता! ज्या भाजीचा वास आला की मी लहानपणी घराबाहेर पळायचो, ती इथे ग्लासात बसलेली. ती होती बुलेट राय: ९५ टक्के राय आणि ५ टक्के माल्टेड बार्ली. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या डिस्टिलरीची ही मूळ कृती, आणि या कृतीच्या व्हिस्कीत शेपू-पुदिना जाणवतो असं पुष्कळ जण लिहितात. वहिनींनी पुढे सांगितलं की शेपूच्या आणि कॅरावेच्या दाण्यांना ज्या रेणूचा वास असतो, त्याचंच आरशातलं प्रतिबिंब म्हणजे स्पिअरमिंटचा वास. कॅरावे म्हणजे आपल्या शहाजिऱ्याचा चुलतभाऊ. त्या दिवसापासून मी वहीत मराठीत लिहितो. मिरे, लवंग, संत्र्याची साल, काकवी, नव्या कपाटाचा वास. इंग्रजी नोट्समधले शब्द पाठ करण्यापेक्षा हे बरं, कारण हे वास मी खरोखर घेतलेले आहेत.

वहिनींची सगळ्यात भारी युक्ती म्हणजे बाटल्या तीन, ग्लास चार. एक व्हिस्की दोनदा येते आणि कुठली ते आम्हाला माहीत नसतं. गेल्या वेळी दुसऱ्या ग्लासात साझेरॅक होती, आणि तिसऱ्यात नि चौथ्यात रिटनहाऊस. दोघांनी त्याच रिटनहाऊसला एकदा दहापैकी सहा आणि एकदा आठ दिले. म्हणजे त्या टेबलावर दोन गुणांपर्यंतचा फरक हा नुसता नॉईज! शंभरपैकी ९१ आणि ९२ असे गुण वाचले की आता मला तिसरा आणि चौथा ग्लास आठवतो.

हे सगळं मी एकदा आईला फोनवर उत्साहाने सांगत होतो. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तू घेतोस का रे?"
"घेत नाही गं, चव बघतो."
"तुझा काकाही आधी चवच बघायचा."

काका गेला तेव्हा मी नववीत होतो. लिव्हर. आमच्या घरात तेव्हापासून कोणी 'दारू' हा शब्दही मोठ्याने उच्चारत नाही. आईला मी जागतिक आरोग्य संघटनेचे सल्ले सांगायची गरज नव्हती. खुद्द त्या संघटनेनेच २०२३ मध्ये सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही.

फोन ठेवल्यावर मी गणित मांडलं. चार ग्लास, ६० मिली, ४५ आणि ५० टक्क्यांच्या मिळून साधारण साडेबावीस ग्रॅम अल्कोहोल. अमेरिकन हिशोबाने एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम. म्हणजे सगळं गिळलं तर दीड ड्रिंकच्या वर. 'चव बघणं' हा शब्द कितीही सभ्य असला तरी लिव्हरला मराठी कळत नाही.

पुढच्या शनिवारी मी टेबलावर थुंकायला एक रिकामा मग ठेवला. पहिल्यांदा सगळे हसले, आता पाचही जण वापरतात. आईलाही ते सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"चा अर्थ मी अजून लावतोय. वहिनींनी मात्र लगेच नियमांच्या यादीत आणखी एक नियम वाढवला. वह्या मिटल्या की बाटल्या कपाटात, कारण पाचवा ग्लास परीक्षेत धरत नाहीत.