नोंदवहीतील ओळ

आपले पणजोबा कोण, असे कुणी विचारले तर जमीनजुमला असलेला मनुष्य सातबाऱ्याकडे बोट दाखवतो. ज्यांच्या नावावर वीतभर रान नव्हते, अशा आमच्यासारख्यांनी कशाकडे बोट दाखवावे? हा प्रश्न आम्हांला पडला तो आमच्या भाचीमुळे. ती आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. रविवारी मिस्सा आटोपली की अमेरिकेहून, ऑस्ट्रेलियाहून आलेली माणसे तेथील खेड्यातल्या देवळाबाहेर उभी असतात. हातात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एखाद्या पूर्वजाचे नाव आणि गावाचे नाव. धर्मगुरूंना ती विनवतात, “आमच्या माणसाची नोंद आहे का, एवढे पाहा.” हे सांगून भाचीने फोनवर विचारले, “मामा, आपल्या पणजोबांची नोंद कुठं असंल?” आम्ही निरुत्तर झालो.

आयरिश लोकांची ही कथा आम्ही पुढे कुतूहलाने वाचून काढली. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडून तेथे महादुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहूनही अधिक बोटीत बसून परदेशी गेली. त्यांचे वंशज आज मूळ शोधीत परततात. परंतु १९२२ साली यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ पर्यंतच्या जनगणनांची बहुतेक कागदपत्रे राख झाली. सर्व जन्मांची सरकारी नोंद तर तेथे १८६४ पासूनची. त्यापूर्वीच्या गरीब कॅथलिक कुळाचा मुख्य आधार एकच, धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. त्या ज्या त्या गावी होत्या, दफ्तरखान्यात नव्हत्या, म्हणून वाचल्या. जिथे दारिद्र्य अधिक, तिथे त्या उशिरा सुरू झाल्या. २०१५ साली तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य खुली केली.

आमच्या घराण्याची वाटही दुष्काळानेच आखली आहे. आमचे आजोबा गोदावरीच्या पलीकडचे. सॅव्हॉय प्रांतातील ॲनसी येथे १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस दि सेल्सच्या मिशनरी संघाने १८९२ साली घोगरगावला मिशन सुरू केले. त्या परिसरातील एका वस्तीत आमच्या घराण्याने प्रभूचा मार्ग धरला. १९७२ च्या दुष्काळात कुटुंब नदी ओलांडून बीड जिल्ह्यात आले, पैठणच्या उजव्या कालव्याच्या खोदकामावर. माती उपसता उपसता येथेच राहिले. पुढे १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत झाला आणि आम्ही येथल्या धर्मग्रामाचे झालो. पण येथल्या वहीत आमचा इतिहास सुरू होतो तो आम्ही येथे आल्यानंतरचा. त्याआधीची पाने नदीपलीकडे होती.

आम्ही शोधाला निघणार हे कळताच आमचे चुलते, नाना, अस्वस्थ झाले. “कशाला उकरता रे जुनं? कागद बोलला की गरिबाचं वाटोळं होतं,” ते म्हणाले. त्यांच्या भयाला कारण होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ साली त्या शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेला मात्र अद्याप बाहेरच आहे. म्हणून कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि देवळाच्या वहीत दुसरे, अशी दुहेरी वस्ती झाली. मुलाच्या भाकरीसाठी बापाने एक नाव झाकले, त्याला दोष देण्यास आमची जीभ धजत नाही. परंतु झाकता झाकता पुढच्या पिढीला आपले मूळच सांगता येईना, हेही खरे. नाना म्हणाले त्याला आम्ही उत्तर दिले नाही. “नुसतं बघून येतो, नाना,” एवढेच म्हणालो.

वाट दाखवली ती आईच्या पेटीतील एका कागदाने. कालव्यावर असताना धाकट्या आत्याचे लग्न ठरले, तेव्हा तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला जुन्या धर्मग्रामातून मागवला होता. त्यावर गावाचे नाव आणि नोंदीचा क्रमांक होता. आपल्या ख्रिस्तसभेची ही रीत किती दूरदृष्टीची! मनुष्य कोठेही जावो, लग्नासाठी त्याला बाप्तिस्म्याचा दाखला आणावा लागतो, आणि लग्न लागले की त्याची वार्ता बाप्तिस्म्याच्या मूळ वहीकडे परत जाते. तेथे समासात ती लिहिली जाते. एका ओळीशेजारी सारा जन्म गोळा होतो.

तेथील फादरांनी कपाट उघडले. पाने पिवळी पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या, अक्षर लॅटिन. आजोबांच्या नोंदीतील आमच्या गावठी नावांना त्या परदेशी धर्मगुरूने आपल्या कानाला ऐकू आले तसे रूप दिलेले. एक नाव तर आम्ही तीन वेळा मोठ्याने म्हटले, तेव्हा कुठे ओळखू आले. ती आमची पणजी होती. सरकारी कागदात जिचा उल्लेख कधी झाला नसेल, त्या बाईचे नाव बापाच्या नावाच्या बरोबरीने, त्याच शाईत लिहिलेले होते. खाली धर्ममातेचे नाव. समासात आजोबांचे दृढीकरण आणि त्यांचा विवाह. आम्ही खुर्चीत बसून राहिलो. फादरही काही बोलले नाहीत.

ओसरीवर येऊन नानांना फोन लावला. आजोबांची नोंद सापडली म्हणताच ते बराच वेळ गप्प राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, “माझ्या आधीची एक पोरगी होती म्हणं. माय कधी बोलली न्हाई. बघ बरं, तिचं नाव हाये का.”

आम्ही परत आत गेलो. नानांच्या जन्माच्या मागची तीन वर्षे ओळीने पाहिली. ती होती. नऊ दिवसांचे आयुष्य. नोंदीत लिहिले होते की मरण समीप दिसल्याने बाप्तिस्मा घरीच दिला गेला, आणि देणाऱ्या व्यक्तीच्या जागी गावच्या सुइणीचे नाव होते. संकटसमयी कोणीही हा संस्कार देऊ शकतो, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणात घोकले. त्या रात्री एका निरक्षर बाईने ते आचरले आणि धर्मगुरूने ते जसेच्या तसे लिहून ठेवले. आजीने आयुष्यभर जे ओठांवर येऊ दिले नाही, ते येथे सुरक्षित होते. तिचे नाव आम्ही नानांना वाचून दाखवले. पलीकडून फक्त “बरं” एवढाच शब्द आला.

परतीच्या एस.टी.त आमच्या मनात एकच विचार घोळत होता. आयरिश माणसाच्या वह्या वाचल्या, कारण त्या लिहिल्या गेल्या आणि जपल्या गेल्या. आमचे काय? दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातील कितीतरी घरांना कुलपे लागतात. मुकादमाची उचल घेतलेला कोयता पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे निघतो. लेकरे फडावर, कोपीत जन्मतात. कुणाचा बाप्तिस्मा तिकडच्या देवळात होतो आणि दाखला येतच नाही. कुणाचा ‘परत गेल्यावर बघू’ म्हणता म्हणता राहून जातो. आपल्या वाडवडिलांना दुष्काळात जे जमले, ते आपल्या हातून सुटते आहे.

म्हणून वाचकांना आमची हात जोडून विनंती आहे. निघण्यापूर्वी फादरांना भेटा, येताना तिकडचा दाखला आणा, आपल्या लेकराच्या ओळीची चौकशी करा. आणि ज्या धर्मग्रामांत जुन्या वह्या कपाटात आहेत, तेथील तरुणांनी फादरांच्या परवानगीने त्यांची छायाचित्रे काढून फादरांच्याच स्वाधीन करावीत. वाळवी कुणाची वाट पाहत नाही.

दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आमच्या देवळात मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या वेदीपाशी ठेवतात. आमच्या घरची चिठ्ठी दरवर्षी आम्ही लिहितो. या वर्षी नानांनी ती मागून घेतली, चष्मा लावला आणि थरथरत्या हाताने यादीच्या अगदी वर एक नाव लिहिले. मग चिठ्ठी आमच्याकडे देत म्हणाले, “फादरांना म्हणावं, मोठ्यानं वाचा.”