शुगर नॉर्मल होती

पायाची जखम भरत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: शुगर बघितली का? मी बघितली होती. दरवेळी रिपोर्ट नॉर्मल. त्यामुळे मी निर्धास्त होते आणि विचारणाऱ्याला ठसक्यात सांगतही होते. डाव्या पायाच्या आतल्या घोट्याच्या जरा वर असलेली जखम मात्र तशीच ओली. शुगर नाही, तर मग ही भरत का नाही, हा पुढचा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. माझ्या चुकांमधली ही पहिली नव्हे, पण सगळ्यात महागात पडली ती हीच.

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे कणीक मळण्यापासून डबे रवाना होईपर्यंत ओट्यापाशी उभं राहायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. कोणी ‘फिरायला जात जा’ म्हटलं की मी फिस्कारायचे, दिवसभर पायांवरच तर असते! उभं राहणं आणि चालणं यात पायांच्या दृष्टीने किती फरक आहे, ते फार उशिरा कळलं. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल उचललं की पोटरी आवळते आणि शिरेतलं रक्त वर सरकतं. ते खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. एका जागी खिळून उभं राहिलं की पोटरी रिकामटेकडी. त्यात झडपाही नादुरुस्त झाल्या, की रक्त खाली साचतं, दाब वाढतो आणि शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्या ह्याच.

माझ्या पायावर त्या दुसऱ्या बाळंतपणात दिसल्या. आई म्हणाली, “अगं, माझ्याही आहेत. काही होत नाही त्याने.” मला केवढा धीर आला! पुढे तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी ‘आईला होत्या का?’ असं विचारलं आणि माझं उत्तर जोखमीच्या खात्यात लिहून घेतलं. आपल्या घराण्यातच आहे म्हणून निश्चिंत व्हायचं की सावध, हे मी नेमकं उलटं धरलं होतं.

साडी हे मोठं सोयीचं वस्त्र आहे. वर्षानुवर्षं माझे पाय नवऱ्यानेसुद्धा नीट पाहिले नसतील. संध्याकाळी घोटे सुजायचे, पैंजण रुतायचं. मी पैंजण काढून ठेवलं आणि प्रश्न मिटला असं समजले. मग घोट्याभोवतीची कातडी काळपट-तपकिरी झाली. मला वाटलं मळ साचलाय. रोज आंघोळीच्या वेळी वज्रीने घासायचे, डाळीचं पीठ लावायचे. तो मळ नव्हताच. शिरेतल्या दाबाने तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत उतरतं, त्याचा तो डाग. वज्रीने तो जाणार कसा? उलट आधीच पातळ, कोरडी झालेली कातडी मी रोज सोलत होते. पाठोपाठ खाज आली. मेडिकलमधून खाजेच्या मलमाची ट्यूब आणली. डॉक्टरला दाखवायचं म्हणजे साडी वर करायची, त्यापेक्षा ट्यूब बरी.

त्यातून एके दिवशी बाथरूममध्ये तो प्रकार घडला. कडकडीत पाणी पायावर घेतलं, बरं वाटलं म्हणून नखाने खाजवलं आणि पांढऱ्या फरशीवर लाल धार उडाली. दुखलं काहीच नाही. तेच जास्त भयंकर होतं. माझं रक्त आहे हे समजायलाच वेळ लागला. मी उभ्या उभ्या पंचा घेतला आणि गुडघ्याच्या वर करकचून बांधला. रक्त थांबेना, जोर वाढला. माझी हाक ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. त्या निवृत्त परिचारिका. त्यांनी आधी मला जमिनीवर आडवं केलं. “सोड तो पंचा! वर बांधलंस तर रक्त वर जायचं कसं? सगळं इथूनच येणार,” असं म्हणत माझा पाय उचलून बादलीवर ठेवला आणि घडी केलेला रुमाल त्या जागेवर दाबून धरला. धार बघता बघता थांबली. तरी काकूंनी हात काढला नाही. बराच वेळ तशाच बसून होत्या. शीर फुटली तर आडवं व्हायचं, पाय छातीपेक्षा उंच करायचा, जागा दाबून धरायची. इतकं साधं आहे, पण त्या क्षणी माणूस नेमका उठून खुर्चीवर बसतो किंवा डॉक्टरकडे चालत सुटतो. अशा रक्तस्रावाने जीव गेल्याचीही उदाहरणं आहेत.

काकू दवाखान्यात चल म्हणून मागे लागल्या. मी ‘डब्यांची गडबड उरकू दे’ म्हणून टाळलं. फुटलेल्या जागी जखम झाली. कडुनिंबाचं पाणी झालं, हळद झाली, अँटिबायोटिकची पावडर झाली, मग मलमं. एका मलमाने भोवतीची कातडी लालभडक होऊन पाझरायला लागली. तर मी तेच मलम आणखी जाड थापलं. अशा जखमांभोवतीच्या कातडीला औषधी मलमांचीच ॲलर्जी पटकन होते, हे कोण सांगणार? विचारलंच नव्हतं कोणाला.

शेवटी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेले, तेही मुलीने भांडून नेलं म्हणून. डॉपलर सोनोग्राफीसाठी मला उभं केलं. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी पोटरी दाबली तेव्हा यंत्रातून ‘फस्स’ असा आवाज आला. सोडली तेव्हा उलट्या दिशेचा तसाच आवाज, लांबलचक. “हे तुमचं रक्त खाली पडतंय,” त्या म्हणाल्या. निरोगी शिरेत हा परतीचा प्रवाह अर्ध्या सेकंदाच्या आत बंद होतो. माझा थांबायचं नाव घेईना.

मग पावलातली नाडी नीट लागते ना, ते तपासलं. शुद्ध रक्त पोचवणाऱ्या धमन्या अरुंद असतील तर घट्ट पट्टी घातक ठरते. माझ्या चांगल्या होत्या. घोट्याशी जास्त घट्ट आणि वर जाताना सैल होत जाणारी पट्टी बांधली, आणि कुठल्याही मलमाला न जुमानणारी जखम त्या पट्टीखाली भरू लागली. पुढे लेझरने ती शीर आतून बंद केली. ‘शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ ही माझी भीती. पण पायातलं बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतून जातं. बिघडलेली वरची शीर बंद झाल्याने काही अडत नाही.

इथे तरी शहाणपण यावं! उन्हाळा लागला तसे दाबाचे मोजे मी कपाटात टाकले. नंतर वापरायला लागले तेही कामं उरकून, दहा वाजता, सूज आल्यावर. ते सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधीच चढवायचे असतात. मधल्या काळात उजव्या पायावरची एक शीर दोरीसारखी कडक, लाल आणि गरम झाली. नणंदेने प्रेमाने गरम तेल चोळून दिलं. डॉक्टर एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. त्या शिरेत रक्ताची गुठळी होती. वरच्या शिरेतली गुठळी खोल शिरेपर्यंत पसरू शकते आणि तिथून तुकडा सुटला तर थेट फुप्फुसात जाऊन अडकतो. माझी वरच राहिली, हे नशीब. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

शिरा ‘विरघळवणाऱ्या’ तेला-मलमांच्या जाहिराती मी अजून बघते. बिघडलेली झडप कुठलंही मलम दुरुस्त करत नाही, हे आता मी ठामपणे सांगते. ओट्यापाशी आता पाट ठेवलाय. पोळी तव्यावर असेपर्यंत त्यावर चढ-उतार करते, टाचा उचलते. केंद्रातल्या मुलींनाही करायला लावते, त्या हसतात तरी.

बायांनो, साडी वर करून एकदा पाय दाखवा डॉक्टरला. आणि एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली तर चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्याच्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाटही बघू नका.