बगलेतला जोड

ब्लाउजसाठी एक मीटर कापड आणायला सांगायचं आणि ऐंशी सेंटिमीटरमध्ये भागवायचं, ही शिवणकामातली जुनी रीत आहे. गिऱ्हाईक कापड परत मोजून घेत नाही. उरलं ते कात्रण आणि कात्रण शिंप्याचं, असं सगळे धरून चालतात. मी मिरजेत राहते, घरातच ब्लाउज शिवते. या कामाला आता तीस वर्षं होत आली. अल्लाह आपल्याला पाहतो आहे, हे मी कलम्याबरोबर लहानपणीच शिकले होते. पण त्या शिकण्याची खरी परीक्षा झाली ती या उरलेल्या वीस सेंटिमीटरांवर, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली.

धंदा अब्बांकडून आला. बाजारात त्यांचं लहानसं दुकान होतं. लेंगे, शर्ट, शाळेचे गणवेश शिवायचे. शेजारचं दुकानही शिंप्याचंच. ते काका नामदेव शिंपी, गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या भिंतीवर नामदेव महाराजांची तसबीर होती. संत नामदेव शिंप्याच्या घरात जन्मले हे मला शाळेच्या पुस्तकाआधी त्या तसबिरीनं सांगितलं. अब्बा काकांना सांगायचे, की आमच्यातही पैगंबर इद्रीस अलैहिस्सलाम शिंपीकाम करायचे आणि दर टाक्याला सुभानअल्लाह म्हणायचे, असं जुने लोक सांगत आलेत. काका म्हणायचे, "म्हणजे मास्तर, आपलं घराणं मोठं आहे." अब्बा जोहरच्या नमाजला गेले की दोन्ही दुकानांवर काकांचं लक्ष. आषाढीला काका पंढरपूरला गेले की त्यांची राहिलेली कामं अब्बा पुरी करून देत.

सुईत दोरा ओवताना अब्बा बिस्मिल्लाह म्हणत. लहानपणी मला वाटायचं, ते म्हटल्यानं दोरा पटकन आत जातो. घरात असे शब्द दिवसभर कानावर पडत. झोपताना एक दुआ, उठल्यावर एक. शिंक आली की अलहमदुलिल्लाह. घास घेताना बिस्मिल्लाह, घराबाहेर पाऊल टाकताना दुआ, गाडीत बसलं की दुआ. त्यात पाच वेळची नमाज. फजरच्या दोन, जोहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन आणि इशाच्या चार, अशा नुसत्या फर्ज म्हणजे सक्तीच्या रकाती सतरा होतात. पक्की शिलाई मारण्याआधी आम्ही कापडाला धावदोरा घालतो, म्हणजे दोन पदर एकमेकांवरून सरकत नाहीत. मला हे सगळे शब्द तसे वाटतात. दिवस हातातून सरकू नये म्हणून जागोजागी घातलेले टाके. पण धावदोरा म्हणजे शिलाई नव्हे. मी कित्येक वर्षं तोंडानं हे शब्द म्हटले आणि मन भलतीकडेच होतं.

१९८५ साली मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षी रमजान मे महिन्यात सुरू झाला. मी हट्टानं पहिला रोजा धरला. दुपारी सगळे झोपलेले, अंगणात माठ. मी गेले आणि पेलाभर पाणी प्यायले. घटाघटा. कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी इफ्तारीला माझ्या गळ्यात फुलांचा हार घातला, पाहुण्यांनी हातावर पैसे ठेवले. आमच्यात पहिल्या रोजाचं असं कौतुक होतं. तो हार मला टोचत होता. रात्री अम्मीला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, लहान लेकरावर रोजा फर्ज नसतो, पुढच्या वर्षी धर. मग थोड्या वेळानं म्हणाली, "ज्याला कळायला हवं होतं त्याला कळलेलंच होतं. मला सांगितलंस, आता झोप लागेल तुला." झोप लागली.

आम्ही घरात दखनी बोलतो. अम्मीचे शब्द मी इथं मराठीत लिहिलेत, पण बोलली ती असंच.

अब्बांची एक आवडती हदीस होती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे आणि 'हदीस-ए-जिब्रील' म्हणून ओळखली जाते. पैगंबर साहेब सोबत्यांमध्ये बसलेले असताना एक अनोळखी माणूस आला. कपडे पांढरेशुभ्र, केस काळेभोर, प्रवासाची एक खूण अंगावर नाही आणि तरी कुणाच्या ओळखीचा नाही. तो पैगंबरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि विचारू लागला. इस्लाम म्हणजे काय, ईमान म्हणजे काय, इहसान म्हणजे काय. तो गेल्यावर पैगंबरांनी सांगितलं की हे जिब्रील होते, तुम्हाला तुमचा दीन शिकवायला आले होते. शिंपी असल्यामुळे असेल, अब्बा त्या पांढऱ्या कपड्यांपाशी नेहमी थांबत. वाळवंटातला प्रवास आणि धुळीचा डाग नाही, तिथंच ओळखायला हवं होतं, म्हणत. इहसानच्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तराचा आशय असा, की बंदगी करताना अल्लाह समोर दिसतो आहे असं मन असावं, आणि ते जमत नसेल तर आपण त्याला दिसतो आहोत हे तरी विसरू नये. सूफी लोकांनी मुराकबा, म्हणजे अल्लाह पाहतो आहे याचं भान, म्हणून जे सांगितलं त्याचं मूळ याच उत्तरात आहे.

हे मला पाठ होतं. तरी २००३ साली जे केलं ते केलंच.

एका शिक्षिकाबाईंनी पैठणीवरचा ब्लाउज पीस आणला होता, मोरपंखी. घरातलं लग्न चार दिवसांवर. लग्नसराईत माझ्याकडे एकावेळी तीस-चाळीस ब्लाउज असतात. त्या रात्री दीड वाजता मी कापायला घेतलं. रेशीम टेबलावर ठरत नाही. घडीचा खालचा पदर सरकला आणि पुढच्या भागाला बगलेशी दोन बोटं कातर आत गेली. कापड पुरत नव्हतं. मी कात्रणातून तुकडा काढला, बगलेत जोड दिला, इस्त्री फिरवली, आतून अस्तर लावलं. हात खाली असला की तो जोड कुणाला दिसणार नाही. हात वर केला तरी काखेत कोण बघतं? बाईंनी ब्लाउज घालून पाहिला. बसला छान. शिलाई घेताना त्यांनी वर दहा रुपये दिले, म्हणाल्या, "वेळेत दिलात, खूश आहे मी."

ते दहा रुपये मी मशीनच्या खणात ठेवले आणि खर्च करू शकले नाही.

त्या दिवसांत नमाजला उभी राहिले की हात बांधताना मला माझी बगल जाणवायची. सज्द्यात कपाळ टेकलं की तो जोड डोळ्यांसमोर. मी स्वतःला पुष्कळ समजावलं. कपडा फाटणार नाही, तिचं नुकसान नाही, उलट ती खूश आहे, सांगून उगाच तिच्या मनाला लावून घेणार. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचा भरवसा वाटत नव्हता. अब्बांनी मला एकदा तक्व्याचा अर्थ सांगितला होता. हजरत उमर यांनी उबय्य इब्न काब यांना तक्वा म्हणजे काय विचारलं. त्यांनी उलट विचारलं, काटेरी वाटेनं कधी चाललात का, आणि काय केलंत? उमर म्हणाले, कपडे आवरून घेतले, जपून पावलं टाकली. उबय्य म्हणाले, मग तोच तक्वा. आमच्याकडे बाभळीतून जाताना बाया पदर खोचून घेतात, तेच. मी कपडे आवरले नव्हते. काटा लागला होता, कापड फाटलं होतं आणि मी वर अस्तर लावून मोकळी झाले होते.

तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. शिलाईचे पैसे आणि ते दहा रुपये पुढं ठेवले. त्यांनी कपाटातून ब्लाउज आणला, बाही उलटी करून बोटानं तो जोड शोधला आणि बराच वेळ चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "शिवतानाच का नाही सांगितलंत?" मला उत्तर नव्हतं. पैसे त्यांनी ठेवून घेतले. पुन्हा त्या माझ्याकडे आल्या नाहीत. त्यांच्या गल्लीतल्या आणखी दोघी यायच्या बंद झाल्या.

खरं बोलल्यावर काही चांगलं घडेल अशी माझी आतून अपेक्षा होती, हे मला त्या दिवशी कळलं. तसं काही घडलं नाही. गिऱ्हाईक गेलं, आणि त्यांनी जायला नको होतं असं मी म्हणणार नाही. त्यांचं रेशीम मी बिघडवलं होतं. फक्त त्या रात्री इशाच्या सज्द्यात माझ्याजवळ लपवायचं काही नव्हतं. इतकं हलकं मला त्याआधी क्वचितच वाटलं असेल.

तेव्हापासून कात्रण परत द्यायला लागले. बोटभर असलं तरी पुरचुंडी करून ब्लाउजला टाचणी लावते. कापून झाल्यावर काही चुकलं असेल तर शिवायच्या आधी फोन करते. कुरआनची ८३ वी सूरत, सूरे मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांबद्दल आहे. तराजूवाल्यांसाठी आहे असं समजून मी ती पढत आले होते. टेपही मापच आहे, हे उशिरा लक्षात आलं.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, विशेषतः ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना. 'अल्लाह बघतोय हं' असं आपण मुलांना दटावून सांगतो, जसं काही तो दाराआड छडी घेऊन उभा आहे. मी माझ्या मुलांनाही तसंच सांगितलं, आणि ते चुकलं असं मला वाटतं. पंधराव्या वर्षी मी पहिल्यांदा चांगल्या कापडावर कातर चालवली तेव्हा अब्बा शेजारी उभे होते. काही बोलत नव्हते, नुसते पाहत होते. त्यांच्या पाहण्यानं माझा हात थरथरला नाही, स्थिर झाला. ते चहाला गेले की कातर अडखळायची, परत आले की सरळ चालायची. अल्लाहचं पाहणं मला या पाहण्यासारखं वाटतं. भीती त्यात आहेच, असायलाच हवी, पण निम्म्याहून जास्त आधार आहे.

गळ्याचं माप घेताना टेप मानेवरून फिरते आणि बोटाखाली कधी कधी शीर उडताना लागते. कुरआनच्या ५० व्या सूरेत, सूरे काफमध्ये, माणसाच्या मानेतल्या शिरेहूनही अल्लाह त्याला जवळ असल्याचं सांगितलं आहे. पूर्वी गळा किती खोल, पाठीला किती, एवढंच मी बघायची. आता ती शीर बोटाला लागली की आठवण होते. समोरची बाई कुठल्याही धर्माची असो, तिच्या गळ्याशी माझा हात असतो तेव्हा अल्लाह तिच्या इतका जवळ आहे, हे मनात येतं आणि हात आपोआप हळुवार होतो. बॉबीन संपली की मशीन थांबतेच, दुसरी भरेपर्यंत तेवढा वेळ जिक्र, म्हणजे अल्लाहचं स्मरण करते. बॉबीन दिवसातून किती वेळा तरी संपते.

रात्री अंथरुणावर बोटांच्या पेरांवर तसबीह मोजते. सुभानअल्लाह ३३, अलहमदुलिल्लाह ३३, अल्लाहु अकबर ३४. ही तसबीह पैगंबर साहेबांनी आपल्या लेकीला, बीबी फातिमांना दिली. जात्यावर दळून त्यांच्या हाताला घट्टे पडले होते आणि त्या घरकामाला मदतनीस मागायला वडिलांकडे गेल्या होत्या. मदतनीस मिळाला नाही, झोपताना म्हणायचे हे शब्द मिळाले. कष्टकरी बाईला दिलेली ही तसबीह आहे म्हणून ती मला माझी वाटते. माझ्या उजव्या अंगठ्याला कातरीचा घट्टा आहे, मोजताना तो प्रत्येक पेराला लागतो. त्यानंतर दिवसाचा हिशेब. इमाम गझालींनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये सांगितलंय, की धंद्यातल्या भागीदाराशी ठेवतो तसा माणसानं स्वतःच्या मनाशी हिशेब ठेवावा. सकाळी अटी ठरवाव्यात, दिवसा नजर ठेवावी, रात्री जमाखर्च पाहावा. बायकांच्या इज्तिम्यात, म्हणजे मेळाव्यात, हे ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण वही ठेवणं मला जमतं. 'उद्या देते' म्हणून किती जणींना खोटं सांगितलं, हा माझ्या खर्चाच्या बाजूचा कायमचा आकडा आहे. तो कमी झालाय. गेला नाही.

गफलत होतेच. जोहरच्या नमाजला उभी असते आणि दुसऱ्या रकातीत कुणाच्या बाहीला किती इंच माया सोडली हे आठवत असते. पूर्वी अशा वेळी मी स्वतःवर चिडायची आणि पुढच्या दोन रकाती त्या चिडण्यात जायच्या. आता नुसती परत येते. २०२० च्या रमजानमध्ये मशिदी बंद होत्या, तरावीहच्या रात्रीच्या नमाजलाही घरातले पुरुष घरातच उभे राहिले. खोली एकच, माझी मशीन मध्ये. ती सरकवून मुसल्ले अंथरले. घरातल्या कामाच्या पसाऱ्यात नमाजला मन लागत नाही, असं माझा नवरा तेव्हा म्हणाला. बायकांनी आयुष्यभर याच पसाऱ्यात नमाज पढली आहे, हे त्याला त्या महिन्यात समजलं. ईदनंतर त्यानं मशीनशेजारी मुसल्ल्यासाठी एक कोपरा रिकामा करून दिला. तो अजून रिकामा आहे.

अब्बा गेले, काकाही गेले. दोन्ही दुकानांच्या जागी आता एकच मोबाइलचं दुकान आहे. अब्बांची कातर माझ्याकडे आहे, वर्षातून दोनदा धार लावून आणते.

तुम्ही कपडे शिवायला टाकत असाल तर उरलेलं कापड मागून घ्या. संकोच करू नका. आमच्यासारख्यांना त्याची मदतच होते.