आकडा कोण वाचतो

लिहून खेळायच्या मारामारीत मार खायला कोणीच तयार नसतो. एकाने लिहायचं, "मी तलवार उपसून त्याच्या खांद्यावर वार केला." दुसऱ्याने लगेच लिहायचं, "मी वार चुकवला आणि त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो." पहिल्याला मागेही डोळे असतातच. असं तासन् तास चालतं आणि शेवटी जो आधी दमतो तो हरतो, पात्र नव्हे, टंकणारा.

सांगलीला इंजिनिअरिंगला असताना, १९९८च्या आसपास, आम्ही वसतिगृहातली काही मुलं कॉलेजच्या लॅबमध्ये संध्याकाळी हेच करत होतो. युनिक्सवर 'टॉक' नावाची सोय होती. पडद्याचे दोन भाग व्हायचे, वरच्या भागात आपण, खालच्या भागात समोरचा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. लढाया रंगायच्या, पण निकाल कधीच लागायचा नाही. वाद मेसच्या टेबलापर्यंत जायचे.

मग एका मित्राच्या भावाने पुण्याहून एक फ्लॉपी पाठवली. त्याच्याकडे व्हीएसएनएलचं खातं होतं, चित्रांशिवायचं, फक्त अक्षरांचं. त्या खात्यावरून तो परदेशातल्या 'मड' खेळांमध्ये जायचा. मड म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचं, निव्वळ मजकुराने बांधलेलं जग. पहिलं मड १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने लिहायला घेतलं आणि रिचर्ड बार्टलने पुढे नेलं. १९९१ साली कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच विद्यार्थ्यांनी 'डिकूमड' लिहिलं, आणि त्यावरून जेरेमी एल्सनने १९९३ साली 'सर्कलमड' काढलं. फ्लॉपीत होता तो सर्कलमडचा सी भाषेतला सगळा कोड. मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून लॅबच्या एका मशीनवर लिनक्स चढवलेलं होतंच. त्यावर खेळ सुरू केला आणि बाकीच्या मशीनवरून टेलनेटने ४००० नंबरच्या पोर्टवर सगळे आत आले.

निकाल लागायला लागले. वार केला की दर दोन सेकंदांनी एक फेरी, आणि फेरीत लागलं की नाही, किती लागलं, ते यंत्र सांगणार. यंत्र हे कशावरून ठरवतं? प्रत्येक पात्राच्या सहा आकड्यांवरून: ताकद, बुद्धी, शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि करिश्मा. ही सहाची मांडणी १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधून आलेली. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळायचा तो खेळ. मडवाल्यांनी फासे यंत्राच्या हातात दिले.

सगळ्यांना वाटायचं, ताकद जास्त तर मार जास्त. मीही तेच गृहीत धरलं असतं, तर कोणी हरकत घेतली नसती. पण कोड समोर होता, म्हणून मी वाचायला बसलो. एका फाइलमध्ये ताकदीचं कोष्टक होतं. ८ पासून १५ पर्यंत प्रत्येक आकड्यापुढे वार लागण्याची भर शून्य, जखमेची भर शून्य. म्हणजे लढाईत ताकद ८ आणि ताकद १५ यांत काहीही फरक नाही! फरक फक्त किती वजन उचलता येईल आणि किती जड हत्यार धरता येईल एवढ्यात. १६ ला जखमेत एकाची भर. १७ ला वार लागण्यातही एकाची. १८ ला जखमेत दोन. आणि १८ च्या पुढे एक वेगळाच जिना: योद्ध्याला १८ मिळाले तर शंभरातला आणखी एक आकडा टाकायचा, १८/५०, १८/९० असा. तो पूर्ण १०० आला, तर वार लागण्यात ३ आणि जखमेत ६.

याचा हिशेब मी वहीत मांडला होता, तो आजही तोंडपाठ आहे. पहिल्या पातळीच्या योद्ध्याचा 'थॅको', म्हणजे वार लागण्याच्या हिशेबातला मूळ आकडा, २०. समोरच्याच्या अंगावर चिलखत नाही, म्हणून त्याचा बचाव १०. वजा केले, राहिले १०. वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा वर पडलं की वार लागला, म्हणजे शंभरातले ५५. तलवारीचा फासा आठ बाजूंचा, त्याची सरासरी साडेचार. गुणाकार केला की फेरीला अडीचच्या जरा खाली. ताकद १८ असेल तर वार लागतो शंभरातले ६०, जखम साडेसहा, फेरीला ३.९. आणि १८/१०० असेल तर शंभरातले ७०, जखम साडेदहा, फेरीला ७.३५. जवळजवळ तिप्पट. आठपासून पंधरापर्यंत सपाट मैदान आणि शेवटी एकदम कडा.

हे कळल्यावर लॅबमध्ये जे झालं ते व्हायलाच हवं होतं. खेळ पात्राला आकडे देताना प्रत्येक गुणासाठी चार फासे टाकतो आणि सगळ्यांत लहान फासा काढून टाकतो. असं करून एखाद्या गुणात १८ येण्याची शक्यता १२९६ मध्ये २१. सहा गुणांपैकी निदान एकात येण्याची शंभरात साधारण नऊ. मुलं पात्र जन्माला घालायची, आकडे बघायची, १८ नसेल तर पुसून टाकायची आणि दुसरं नाव घेऊन परत यायची. नावं संपत आली होती. मला हे मनापासून खटकायचं. ज्याला अजून एक शब्द बोलायला मिळालेला नाही, तो मनुष्य निव्वळ एका आकड्यापायी पुसला जात होता.

मग लढाईची फाइल पुढे वाचताना दोन ओळी सापडल्या. वार लागण्याच्या हिशेबात ताकदीनंतर बुद्धी येते: बुद्धीतून १३ वजा करायचे, दीडने भागायचं, पूर्णांक घ्यायचा. आणि लगेच पुढच्या ओळीत शहाणपणाचंही तसंच. म्हणजे १६ बुद्धीने वाराला २ ची भर मिळते, जी १६ ताकदीने मुळीच मिळत नाही. आणि बुद्धी ८ असेल तर ३ ची घट. १८ ताकद आणि ८ बुद्धी असलेला योद्धा वाराला एक कमावतो आणि तीन गमावतो. लागला तर जोरात लागतो, पण शंभरातले ४५च लागतात. १५ ताकद आणि १३ बुद्धीच्या माणसापेक्षा कमी! खेळ योद्ध्याला बुद्धी देतोच पाचव्या क्रमांकाची, त्यामुळे लॅबमधल्या बहुतेक योद्ध्यांना ही घट लागू होती आणि कोणाला पत्ता नव्हता.

काटकपणा आणि शहाणपण यांची गंमत निराळी. काटकपणा जीव वाढवतो, पण पातळी चढण्याच्या त्या एका क्षणीच तो बघितला जातो. तेव्हा जो आकडा असेल त्याप्रमाणे भर पडते, पुढे तो वाढला तरी मागचं मिळत नाही. नवी कौशल्यं शिकायची संधी देणाऱ्या शहाणपणाचंही तेच. म्हणून जुने खेळाडू काटकपणा वाढवणारी अंगठी किंवा पट्टा पिशवीत जपून ठेवतात आणि पातळी चढायच्या आधी अंगावर घालतात. चपळाई बचावाला मदत करते, १५ ला एक, १८ ला चार, पण जागेपणीच. झोपलेल्यावर प्रत्येक वार लागतो आणि दुप्पट लागतो.

इथवरचं सगळं यंत्राचं. पण आम्ही आलो होतो भूमिका करायला, आणि त्या बाजूने हे आकडे काय करतात ते मला एका मित्रामुळे समजलं. त्याच्या योद्ध्याचं नाव गेंडा. ताकद १८, बुद्धी ८. त्याने तो पुसला नाही. बुद्धीच्या त्या ओळीबद्दल मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग बरोबर आहे रे, याला हुलकावणी कळतच नसणार." आणि त्या दिवसापासून गेंडा तसा लिहिला जाऊ लागला. 'इमोट' ही आज्ञा देऊन पात्राची कुठलीही हालचाल स्वतःच्या शब्दांत लिहिता येते. फेरीत वार चुकला की पडद्यावर यायचं: गेंडा जिथे माणूस होता तिथे वार करतो. पुन्हा चुकला की: गेंडा थांबतो, माणूस कुठे गेला ते बघतो. लागला की तो काहीच लिहीत नसे. यंत्राने दिलेली चूक तो कारणासकट आम्हाला परत द्यायचा. त्याच्याशी लढताना समोरचेही हुलकावण्या लिहायला लागले, कारण आता त्यांना माहीत होतं की या माणसावर त्या चालतात.

'टॉक'वर जे कधीच जमलं नव्हतं ते हे. मार खाणं लिहिण्याजोगं झालं.

आणि करिश्मा? आमच्याकडच्या आवृत्तीत मी तो शब्द सगळ्या फाइलींमध्ये शोधला. आकडा टाकला जात होता, साठवला जात होता, पडद्यावर दाखवला जात होता. खेळात काहीही ठरवताना तो कुठेच विचारला जात नव्हता. वर आणखी एक. खेळ सहा आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावतो आणि व्यवसायाप्रमाणे वाटतो: योद्ध्याला पहिला आकडा ताकदीत, चोराला चपळाईत, मांत्रिकाला बुद्धीत, पुरोहिताला शहाणपणात. चारही याद्यांत शेवटी करिश्मा. म्हणजे खेळातल्या मिडगार्ड नावाच्या नगरात आलेल्या प्रत्येक साहसवीराचा सगळ्यांत लहान आकडा करिश्म्याचाच. यंत्राला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

यावरून आमच्यात खरा वाद झाला. एका मुलाचा चोर होता, करिश्मा ६. मुलगा स्वतः फार गोड लिहायचा. मंदिराच्या चौकात त्याने एका पुरोहिताला असं काही बोलून दाखवलं की पुरोहिताने सोन्याची थैली द्यायला हवी होती, असं अर्ध्या लॅबचं म्हणणं पडलं. छान लिहिलंय, मग का नाही? माझं म्हणणं उलट होतं आणि आजही आहे. ताकद १८ असलेल्याला बोटं वेगाने चालतात म्हणून जास्त वार मिळत नाहीत. मग करिश्मा ६ असलेल्याला वाक्यं सुरेख येतात म्हणून माणसं का वश व्हावीत? यंत्र जो आकडा वाचत नाही तो वाचायची जबाबदारी खेळणाऱ्यांवर येते. सहाचा माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्याने जरा मागे सरकावं, आणि सहाच्या माणसानेही आपलं बोलणं कुठेतरी खुपेल असं लिहावं. हे लेखनकौशल्याला कमी लेखणं नाही. उलट, न पटणारं बोलणं नीट लिहायला जास्त कसब लागतं.

अडचण इतकीच होती की सर्कलमडमध्ये दुसऱ्याचे आकडे सहज दिसत नाहीत. म्हणून लॅबमध्ये एक वही ठेवली आणि प्रत्येकाने आपल्या पात्राचे सहा आकडे तिच्यात लिहिले. चोरवाल्या मुलाने थोडी कुरकुर केली, मग त्याने पात्राला एक सवय दिली: बोलताना तो समोरच्याच्या कमरेकडे, थैलीकडे बघायचा. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवेना आणि त्याचा चोर सगळ्यांचा आवडता झाला. पात्रं पुसणंही हळूहळू कमी झालं, कारण वहीतला लहान आकडा ही आता लिहायला मिळालेली गोष्ट होती.

पुढच्या वर्षांत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने स्वतःच ती कोष्टकं मोडीत काढली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत १८/१०० चा जिना गेला आणि दर दोन आकड्यांमागे एकाची भर असा सरळ चढ आला. सर्कलमडच्या नंतरच्या आवृत्तीत दुकानदार करिश्मा बघायला लागले: दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्या आकड्यांतला फरक सत्तरने भागून तेवढी किंमत वरखाली. हे वाचून मला फार आनंद झाला. कोणीतरी त्या शेवटच्या आकड्याला काम दिलं होतं.

नवं कोणी असा खेळ लिहिताना गुणांची लांबलचक यादी मला दाखवतं तेव्हा मी प्रत्येक गुणापुढे एकच प्रश्न विचारतो: हा आकडा कोण वाचणार, कधी? यंत्र वाचणार असेल तर कोणत्या ओळीत, माणसं वाचणार असतील तर त्यांना तो दिसणार कुठे? ज्याचं उत्तर नाही तो गुण मी काढायला सांगतो. चार गुण पुरतात, चारही वाचले जात असतील तर.

आम्ही हे सगळं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत केलं, कारण दुसरा मार्ग नव्हता. सर्कलमड टंकलेलं प्रत्येक अक्षर तपासून फक्त आस्की अक्षरं आत घेतं. देवनागरी तिथेच गळून जाते, आणि पात्राच्या नावालाही तशीच चाळणी आहे. दोन्ही तपासण्या सी भाषेत थोडक्या ओळींच्या आहेत आणि तो कोड आजही मोफत मिळतो. नफा कमवायचा नाही आणि मूळ लेखकांची नावं ठेवायची, या त्याच्या अटी आहेत. सी येणाऱ्या कोणी तरुणाने किंवा तरुणीने त्या ओळी बदलून देवनागरीत बोलणारं असं एक नगर उभं करावं. पत्ता कळवलात तर मी पहिल्याच संध्याकाळी येईन, फासा जे आकडे देईल ते घेऊन.